मोडलेला कौल

मंडळी, पुढे सरका! मागे खांबाला टेकून बसलेत त्यांनीही या. तो खांब दोनशे वर्षं उभा आहे, तुम्ही सोडलात म्हणून काही पडायचा नाही!

पूर्वरंगात भक्तीचं खूप बोललो. आता एक अडचणीचा प्रश्न विचारतो. देवावर ज्याचा पुरता भरवसा आहे, त्यानं आजारी पडल्यावर औषध घ्यावं का? हसू नका! मी स्वतः कीर्तनाला उभं राहण्याआधी रक्तदाबाची गोळी घेतो, आणि मग इथं येऊन म्हणतो, 'सारा भार देवावर टाका!' आमचे पेटीवाले माझ्याकडे बघून गालात हसतात. हे बघा, आत्ताही हसतायत.

पण प्रश्न खरा आहे. औषध घेतलं तर भरवसा कमी पडला का? आणि नाही घेतलं, आणि माणूस गेला, तर लोक काय म्हणतात? 'याच्या भक्तीतच काही खोट असणार!' म्हणजे जीव गेला तो गेला, वर भक्तीतही नापास!

ऐका तर मग. कोकणात खाडीच्या काठी कातळोली म्हणून गाव. पावणेदोनशे घरं. मी तिथं तीन वर्षं लागोपाठ उत्सवाला उभा राहिलो. हे सगळं मला ज्यांनी सांगितलं ते त्या देवळाचे गुरव, अनाजी. देवळाच्या पायरीवर बसून सांगितलं, आणि सांगताना स्वतःला कुठंही वाचवलं नाही. म्हणून तर मी ते सांगू धजतो.

गावचा देव भैरी. आणि गावात पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत काय? कातळोलीच्या शिवेत साप चावून माणूस मरत नाही! कुणाला चावलाच तर त्याला देवळाच्या सभामंडपात आणून निजवायचं. गुरवानं अंगारा लावायचा, तीर्थ पाजायचं, तीन दिवस तिथंच ठेवायचं. पण एक अट! औषधाचा थेंब घ्यायचा नाही. औषध घेतलं की देवानं हात काढून घेतला म्हणून समजायचं.

आता तुम्ही म्हणाल, गुरव लबाड असेल. अजिबात नाही! अनाजी पहाटे उठून देवाला पाणी घालायचे, देव जेवल्याशिवाय जेवायचे नाहीत. कुणी नारळ दिला तर आपल्या वाटणीच्या भकलाहून, म्हणजे अर्ध्या नारळाहून, जास्त कधी घेतलं नाही. साधा, सरळ, शुद्ध माणूस. आणि मंडळी, शुद्ध माणसाची चूक फार महाग पडते, कारण त्याच्या शब्दावर गाव चालतं.

काय झालं, सरकारनं कातळोलीला दवाखाना द्यायचं ठरवलं. डॉक्टर, नर्स, चार खाटा, आणि सापाच्या विषावरचं औषध ठेवायला फ्रीज. सगळं सरकारी खर्चानं. गावानं फक्त जागा द्यायची. जागा कुठली? देवळाशेजारची.

ग्रामसभा भरली. एक उठला, म्हणाला, "ते सापावरचं औषध घोड्याच्या रक्तापासून करतात. घोड्याचं रक्त अंगात घालून देवळात कसं यायचं?" दुसरा म्हणाला, "सरकारचा पैसा म्हणजे त्यात दारूचा करही आला. असल्या पैशाचं औषध नको." मग गावकार दत्तारामदाजी उठले. गावचे मानकरी, वजनदार माणूस. म्हणाले, "ज्याचं प्रारब्ध त्यानं भोगायचं असतं. एकाचे भोग चुकवायला सगळ्यांचा पैसा कशाला?"

थांबा! हे वाक्य ओळखीचं वाटलं का कुणाला? मला वाटलं. मीही हे म्हटलेलं आहे, याच व्यासपीठासारख्या व्यासपीठावरून. पण रस्त्यातला खड्डा सगळ्यांच्या पैशानं बुजवतो, तेव्हा त्यात पडणार होता त्याचं प्रारब्ध आपण विचारतो का? विहिरीला कठडा बांधतो तेव्हा? मग दुखण्याच्याच वेळी हे प्रारब्ध कुठून आठवतं?

असो. शेवटी सगळे अनाजींकडे बघायला लागले. अनाजी उभे राहिले, हात जोडले, आणि म्हणाले, "ज्याच्या अंगणात देव बसलाय, तिथं विषाचं औषध आणून ठेवायचं? म्हणजे देवाच्या तोंडावर सांगायचं, की बाबा, तुझा भरवसा नाही!"

झालं! टाळ्या पडल्या. दवाखाना नको असा ठराव झाला. आणि दवाखाना गेला कुठं? खाडीच्या पलीकडच्या गावात. त्यांनी दोन्ही हातांनी घेतला.

तीन वर्षं गेली. कार्तिक महिना. वर कातळावर गवत कापायचे दिवस. सुलोचना भुवड म्हणून तिशीतली बाई, दोन लेकरांची आई, नवरा बोटीवर खलाशी. दुपारी दोनच्या सुमाराला गवताचा भारा बांधायला वाकली, आणि घोट्याला चटका बसला. बघते तर फुरसं! वीतभर जनावर, पण कोकणातल्या माणसाला नुसतं नाव सांगा, चेहरा उतरतो.

दीर महादेव जवळच होता. त्यानं आणि दोघा शेजाऱ्यांनी तिला घोंगडीच्या डोलीत घातलं. आणि आणली कुठं? देवळात! त्यांना दुसरं काही सुचलंच नाही. तीन पिढ्या तेच करत आल्या होत्या.

अनाजींनी अंगारा लावला, तीर्थ पाजलं. पाय सुजत चालला. अर्धा तास झाला, तास झाला. महादेव हळूच म्हणाला, "काका, पलीकडे न्यायची का? ओहोटी लागली तर होडी अडकेल."

दत्तारामदाजी तिथंच होते. म्हणाले, "गुरवा, कौल लाव. देव सांगेल तसं."

आता कौल म्हणजे काय, ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. फुलाच्या दोन ओल्या पाकळ्या देवाच्या दोन खांद्यांवर चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर हो. डावी आधी पडली तर नाही. आणि दोन्ही चिकटून राहिल्या तर? तर थांबायचं! देव बोलेपर्यंत थांबायचं.

अनाजींनी पाकळ्या लावल्या. "देवा भैरी, लेकीला पलीकडे न्यायची का?"

उजवी पडेना. डावी पडेना.

सगळा गाव श्वास रोखून उभा. पंधरा मिनिटं. अर्धा तास. बाहेर मंडपात सुलोचना उठून बसली, थुंकली, आणि बघते तर थुंकीत रक्त. हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. तिनं पदरानं तोंड पुसलं. गाभाऱ्याकडे बघून हात जोडले आणि विचारलं, "काका, माझं काय चुकलं? तेवढं सांगा. मी देवापुढं नाक घासते. पण काय चुकलं ते कळू दे."

मंडळी, विष अंगात भिनतंय, तोंडातून रक्त येतंय, आणि ती बाई काय विचारतेय? 'मला वाचवा' नाही म्हणाली! 'माझं काय चुकलं' म्हणाली! विषाच्या आधी हे कुणी टोचलं तिच्या अंगात?

अनाजी मला म्हणाले, "बुवा, मी देवाकडे बघितलं. रोज ज्याचं तोंड धुतो, ते तोंड. आणि मला प्रश्नच बदलून गेल्यासारखा वाटला. न्यायची का, हे मी विचारत होतो. मला वाटलं, देव मला विचारतोय, अजून इथंच का?"

इथं मी एक ओळ म्हणतो. माझीच आहे, काही चुकलं तर माझ्या पदरी.

पाय दिले देवें । चालावया वाट ।
पाहसी कां वाट । बैसोनिया ।।

अनाजींनी हात पुढे केला. आणि देवाच्या खांद्यावरच्या दोन्ही पाकळ्या स्वतःच्या बोटांनी काढल्या!

"कौल मोडला!" एकच ओरडा झाला. बायांनी तोंडाला पदर लावले. दत्तारामदाजी तर पुढे धावले. "गुरवा! देव बोलायच्या आत कौल मोडलास? आजपर्यंत या गावात हे झालं नाही!"

"झालं नाही खरं," अनाजी म्हणाले. "देवाला उत्तर मी देईन. महादेवा, डोली उचल!"

खाडीवर आले तर ओहोटी लागलेली. होडी अर्ध्यावर चिखलात रुतली. मग काय करता? महादेव आणि दोघं शेजारी मांडीभर चिखलात उतरले, डोली डोक्यावर धरली. आणि अठ्ठावन्न वर्षांचे अनाजी, सोवळ्याचं धोतर नेसलेले, तसेच पुढे, काठीनं चिखल चाचपत, वाट दाखवत.

दिवस मावळताना दवाखान्यात पोचले. अनाजींच्या मनात एकच भीती. विचारतील, कातळोलीचे ना तुम्ही? तुम्हीच दवाखाना नको म्हणालात ना? मग आता कसे आलात?

कुणी विचारलं नाही! डॉक्टर होत्या परकारबाई. त्यांनी काय विचारलं? "कोणता पाय? किती वाजता चावला? बांधलंय का वर काही?" एवढंच. हिनं काय पाप केलं, हिचा देव कोणता, हिचं प्रारब्ध कसलं, काही नाही. कोणता पाय, किती वाजता!

त्यांनी सुलोचनाचं थोडं रक्त काढलं, काचेच्या छोट्या नळीत घातलं, नळी टेबलावर उभी करून ठेवली. आणि हातातल्या घड्याळाकडे बघितलं. अनाजींना राहवेना. म्हणाले, "बाई, ही वाट कशाची बघताय?"

"रक्त गोठतंय का ते बघायचंय. नाही गोठलं तर विष भिनलंय."

"म्हणजे हा तुमचा कौल?"

परकारबाई थकलेल्या होत्या, पण हसल्या. "म्हणा तसं. पण काका, याला वेळ ठरलेली आहे. वीस मिनिटं. त्याच्यापुढे मी थांबत नाही."

आणि नुसत्या बसून नव्हत्या हं! त्या वीस मिनिटांत सलाईन लागली, इंजेक्शनच्या बाटल्या काढून ठेवल्या, नर्स तयार. वीस मिनिटांनी नळी कलती करून बघितली. रक्त पाण्यासारखं वाहिलं.

"औषध द्यायला लागेल. घोड्यापासून केलेलं असतं, कुणाकुणाला त्याचा त्रास होतो. आम्ही लक्ष ठेवतो. द्यायचं ना?"

महादेवानं अनाजींकडे बघितलं. तीन वर्षांपूर्वीची ग्रामसभा त्यालाही आठवत होती. अनाजी म्हणाले, "आमचा देव घोड्यावर बसून गावाची शिव फिरतो, बाई. आज त्यानं नुसता घोडाच पुढे धाडला असं समजतो. द्या!"

सुलोचना वाचली. सहा दिवस लागले. दुसऱ्या दिवशी लघवी कमी झाली तेव्हा सगळे घाबरले होते, पण ती वाचली. एक टाच कायमची बधिर राहिली. अजून जरा लंगडते. परकारबाई म्हणाल्या, दोन तास आधी आणली असती तर तेही राहिलं नसतं.

आता कुणाला वाटेल, झालं आख्यान, आरती घ्या! पण नाही मंडळी. खरी गोष्ट इथून पुढे आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनाजींनी डॉक्टरबाईंना विचारलं, "मग इतकी वर्षं आमच्या देवळात माणसं बरी कशी झाली?"

बाईंनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला. म्हणाल्या, "साप पुष्कळदा चावतो पण विष सोडत नाही, किंवा थोडंच सोडतो. तशी माणसं नुसती निजवली तरी उठतात."

"आणि ज्यांच्या अंगात विष गेलं ती?"

बाई म्हणाल्या, "ते तुम्हाला ठाऊक, काका. मी तुमच्या गावात नव्हते."

अनाजी चहा घ्यायचे थांबले. बोटांवर मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार, पाच. त्यांच्या हातून अंगारा लागलेली पाच माणसं त्या मंडपात गेली होती. मग 'कातळोलीत साप चावून कुणी मरत नाही' हे कसं चालू राहिलं? सोपं आहे! जो मेला तो सापानं मेलाच नाही. तो त्याच्या चुकीनं मेला! नवस राहिला असेल, विटाळ झाला असेल, देवाचं काही मोडलं असेल. समजूत खरी ठेवायला माणूस खोटा ठरवला!

त्या पाचांतला एक सखाराम रेवाळे. अकरा वर्षांपूर्वी तिसऱ्या दिवशी गेला. त्याच्या प्रेतापाशी उभं राहून अनाजी सगळ्यांदेखत म्हणाले होते, "याच्याकडून काहीतरी चुकलंय." बस्स, एक वाक्य! त्या वाक्यानं काय केलं? शिमग्याला देवाची पालखी घरोघर जाते तिकडे. त्या वर्षापासून पालखी सखारामच्या दारी थांबेना. अकरा वर्षं! त्याची बायको द्रौपदी दरवर्षी अंगण सारवून ठेवायची, आणि पालखी शेजारच्या घरून पुढे जायची.

अनाजी गावात परतले तेव्हा पूजा त्यांच्याकडून काढून चुलतभावाकडे दिलेली होती. कौल मोडणाऱ्यानं गाभाऱ्यात पाय ठेवायचा नाही. अनाजी सरळ गेले ते द्रौपदीच्या घरी. ती अंगणात बसून सुपात कुळीथ निवडत होती.

"वहिनी, सखाराम गेला तेव्हा मी बोललो होतो, त्याचं काहीतरी चुकलं म्हणून."

"बोलला होतात."

"ते खरं नव्हतं."

तिचा हात सुपात तसाच चालू. म्हणाली, "अकरा वर्षं मी आठवत बसले, भावजी. काय चुकलं असेल? एकदा वाटलं, मीच त्या दिवशी डोक्यावरून पाणी न घेता त्यांना भाकरी वाढली, म्हणून गेले. रोज नवीन काहीतरी सापडायचं." मग तिनं सूप खाली ठेवलं. "पण मला घरी येऊन सांगू नका. बोललात तेव्हा देवळात बोललात, सगळ्यांसमोर. परत घ्यायचं तर तिथं घ्या."

काय बोलली बघा! आपण काय करतो? चारचौघांत एखाद्याचं नाव घालवतो, आणि माफी मागायला परसदारी जातो!

सव्वीस जानेवारीची ग्रामसभा देवळाच्या मंडपात भरली. गाभारा बंद होता अनाजींना, मंडप सगळ्यांचा. ते उभे राहिले. मग म्हणाले, "सखाराम रेवाळेचं काही चुकलं नव्हतं. त्याच्याआधी गेले त्या चौघांचंही नव्हतं." आणि पाचही नावं घेतली, एकेक, वडिलांच्या नावासकट. "त्यांच्या अंगात विष गेलं होतं आणि मी त्यांना अंगाऱ्यावर ठेवलं. आणि वर दोष त्यांच्यावर घातला."

मागे द्रौपदीनं तोंडात पदर कोंबला. अकरा वर्षांत तिला रडताना कुणी बघितलं नव्हतं.

दत्तारामदाजी उठले. रागानं नाही हं, काकुळतीनं म्हणाले, "अनाजी, तुझा देवावरचा विश्वास उडाला. तुझाच उडाला तर गावानं कुणाकडे बघायचं?"

आणि अनाजींनी उत्तर दिलं ते ऐका. हे उत्तर ऐकायला मी तुम्हाला एवढा वेळ बसवलंय. ते म्हणाले, "उडाला नाही दाजी. इतकी वर्षं माझाच विश्वास कमी होता. मला वाटायचं, औषध घेतलं तर देव रागावेल. ज्याला मी रोज आंघोळ घालतो, तो रक्त ओकणाऱ्या बाईवर रागावेल, असं मी समजत होतो! माणूसही असा रागावत नाही. मी देवाला माणसापेक्षा लहान करून ठेवलं होतं."

मग दवाखान्याचा ठराव पुन्हा मांडला. पहिला हात कुणाचा वर झाला? सुलोचनाचा. ठराव नऊ मतांच्या फरकानं झाला, फार नाही. दाजींनी हात वर केला नाही.

सरकारी काम! एकदा परत पाठवलेली गोष्ट लगेच येते होय? पावणेतीन वर्षं कागद फिरले. अखेर देवळाशेजारी दोन खोल्या उभ्या राहिल्या, नर्सबाई आल्या, डॉक्टर आठवड्यातून तीन दिवस, आणि फ्रीज. आता कुणाला साप चावला तर अंगारा लावतात का? लावतात की! अंगारा लावायला वेळ किती लागतो? मलाही विचाराल तर मी लावा म्हणेन.

पूजा अनाजींना सव्वा वर्षानं परत मिळाली, आणि दिली कुणी? दत्तारामदाजींनी! म्हणाले, "मला त्याचं पटत नाही. पण स्वतःविरुद्ध खरं बोलणारा माणूस देवाजवळ असावा." त्याच शिमग्याला पालखी द्रौपदीच्या अंगणात टेकली. तिनं ओवाळलं, नारळ दिला. आणि पालखी उठताना म्हणाली, "देवाला थोडा वेळ अजून बसू दे. मी तेवढं बघते."

मंडळी, कातळोली तुम्हाला लांब वाटत असेल. तुमच्या गावात तर कौल नाही, फुरशी नाहीत. बरं आहे तुमचं!

आज सकाळी तुमच्या गावच्या नर्सबाई मला भेटल्या. नमस्काराला आल्या होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, मागच्या महिन्यात लहान लेकरांच्या लसीला फिरले, तर अकरा घरांनी दार लावून घेतलं. कुणी आतून म्हणालं, आमच्या गुरूंना चालत नाही. कुणी म्हणालं, फुकटचं आहे, त्यात काय असेल कोण जाणे. कुणी म्हणालं, लेकराच्या नशिबात असेल ते होईल. मी नावं विचारली नाहीत. त्यांनीही सांगितली नाहीत. आत्ता समोर बसलेल्यांत ती अकरा घरं आहेत का, मला ठाऊक नाही. तुम्हाला ठाऊक आहे.

त्या लेकरांना देवाबद्दल अजून काहीच माहीत नाही. देव रागीट आहे की मायाळू, हे त्यांना तुमच्या दारावरूनच कळणार आहे.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता नर्सबाई पुन्हा निघणार आहेत. माझा मुक्काम शुक्रवारपर्यंत इथंच. मी त्यांना म्हटलं, बाई, तुमची लसीची पेटी मी धरतो. हीच पगडी, हेच उपरणं-धोतर असा वेश घालून मी तुमच्या दारात येणार आहे. कडी वाजवणार आहे.

आता डोळे मिटा, ज्याचा जो देव असेल त्याचं नाव घ्या, आणि त्यालाच विचारा, गुरुवारी दार उघडायचं का. पाकळी पडायची वाट बघू नका.